भजनी मंडळासाठी स्पीकर निवडताना : पडद्याआडून ऐकण्याची चाचणी कशी घ्यावी

आमच्या भजनी मंडळाने चार वर्षांपूर्वी, कापूस विकून लोकांच्या हाती पैसा आल्यावर, घरोघरी वर्गणी मागून दोन मोठे स्पीकर बॉक्स घेतले. जिल्ह्याच्या ठिकाणी आम्ही पाच जण गेलो होतो. दुकानदाराने तीन जोड्या ऐकवल्या आणि त्यांतली सर्वांत मोठी व सर्वांत महाग जोडी पाचही जणांना एकमताने पसंत पडली. कार्तिकातल्या पहिल्याच काकड्याला, समाजमंदिराच्या टिनाखाली मागे बसलेल्या बायकांनी सांगितले की मृदंग छातीत वाजतो, पण शब्द कळत नाहीत. पुढे एका लग्नात त्याच जागेत गावच्या साऊंडवाल्याचे जुने, आमच्या बॉक्सच्या निम्म्या किमतीचे बॉक्स लागले आणि मंगलाष्टकांचा शब्द न् शब्द ऐकू आला. वर्गणीची वही माझ्याच हातची होती, त्यामुळे त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमचे कान बरे होते आणि दुकानदारानेही काही लपवले नव्हते. आम्ही ज्या पद्धतीने ऐकले त्या पद्धतीतच खोट होती. तिन्ही जोड्या समोर दिसत होत्या, किमतीच्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या, प्रत्येक जोडी वेगवेगळ्या आवाजाला वाजत होती आणि आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ गायक पहिल्याच मिनिटाला ‘हेच घ्या’ असे म्हणाले होते. त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो आणि गेल्या तीन वर्षांत आमच्या व शेजारच्या दोन गावांच्या मंडळांसाठी अशा तीन चाचण्या घेतल्या. ज्यांना हे पहिल्यांदाच करायचे आहे त्यांच्यासाठी तो सगळा क्रम पुढे दिला आहे. बोलण्यात घोटाळा होऊ नये म्हणून एक सांगून ठेवतो : भजनी मंडळात ‘पेटी’ म्हणजे हार्मोनियम, म्हणून स्पीकरच्या खोक्याला मी ‘बॉक्स’ म्हणतो आणि अँप्लिफायरला आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे ‘मशीन’.

हा प्रकार खेड्यातल्या माणसांपुरता नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा उघड आणि एकदा पडद्याआडून. स्पीकर दिसत असताना मोठ्या आणि महाग स्पीकरांना चढे गुण मिळाले आणि लहान, स्वस्त संचाचे गुण घसरले. पडदा लागताच ही दरी पुष्कळ कमी झाली. वाद्यांच्या बाबतीतही तेच घडले. २०१० मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस येथे क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ व्हायोलिनवादकांना डोळ्यांवर काळे चष्मे लावून सहा व्हायोलिन वाजवायला दिली. त्यांत तीन जुनी इटालियन होती आणि तीन नवी. सर्वाधिक पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली आणि सर्वांत कमी पसंती त्या जुन्यांपैकी एका नामांकित स्ट्रॅडिव्हेरियसला. ज्यांचे पोट वाद्यावर चालते त्यांचे असे होत असेल, तर वर्गणीचा पैसा खर्च करताना आपण अधिक सावध असले पाहिजे.

१. प्रश्न एकच ठरवा

‘कोणता चांगला?’ हा प्रश्न फार ढोबळ आहे. चाचणी घेण्यापूर्वी पुढील तीन प्रश्नांपैकी आपला कोणता ते ठरवा, कारण तिन्हींची पद्धत वेगळी आहे.

पहिला प्रश्न फरकाचा : दोन वस्तूंच्या आवाजात फरक ऐकू येतो का? मशीन, वायर, महागडी पिन, जास्त आकाराची गाण्याची फाइल यांच्यासाठी हाच प्रश्न आधी विचारावा, कारण फरकच ऐकू येत नसेल तर चांगल्या-वाईटाची चर्चा व्यर्थ आहे. यासाठी ‘एबीएक्स’ नावाची पद्धत आहे. आधी ‘ए’ ऐकवायचा, मग ‘बी’, आणि मग या दोहोंपैकी कोणतातरी एक ‘एक्स’ म्हणून ऐकवायचा. ऐकणाऱ्याने एक्स म्हणजे ए की बी एवढेच सांगायचे. बेल लॅब्जच्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्ये या पद्धतीचे मूळ रूप मांडले आणि १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी त्यासाठीच्या अदलाबदल यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले.

दुसरा प्रश्न पसंतीचा आहे. दोन स्पीकरांतला फरक बहुधा कोणालाही कळतो, तेव्हा तिथे ऐकणाऱ्याला काय आवडते ते विचारावे.

तिसरा प्रश्न शब्दांच्या सुबोधतेचा आहे आणि माझ्या मते भजन, कीर्तन, ग्रामसभा यांच्यासाठी तोच खरा. नवख्या माणसाला तो सुचत नाही, आम्हालाही सुचला नव्हता.

२. साहित्य

यातले बहुतेक गावातच मिळते. तपासायच्या दोन वस्तू, एक मशीन, दोन स्वतंत्र चॅनल असलेला मिक्सर, एसी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर, आवाजाची पातळी दाखवणारे ॲप असलेला मोबाइल आणि तो ठेवायला तिवई, पातळ कापडाचा मोठा पडदा, मोजपट्टी, एक नाणे, कोऱ्या चिठ्ठ्या, पेन, रिकाम्या आगपेट्या, मूठभर गहू, मूठभर तुरी आणि एक वही. दोन मशीनची तुलना असेल तर चेंजओव्हर स्विच लागतो. विहिरीच्या मोटारीसाठी किंवा जनरेटरसाठी आपण जो वापरतो त्याच तत्त्वावरचा, पण लहान आणि दोन्ही तारा एकदम बदलणारा.

कागदपत्रांत दोनच गोष्टी सांभाळाव्यात. वस्तू तपासण्यासाठी उसनी आणली असेल तर ती कोणत्या स्थितीत घेतली आणि कधी परत द्यायची हे दुकानदाराकडून लिहून घ्यावे, आणि प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक वहीत टिपावा. पुष्कळ दुकानदार ‘ऐकून परत करा’ म्हणताच नकार देतात. मंडळाची लेखी मागणी नेली आणि अनामत रकमेची तयारी दाखवली की त्यांतला एखादा तयार होतो. आम्हाला तिसऱ्या दुकानात होकार मिळाला.

३. जागा आणि वेळ

जिथे स्पीकर लागणार तिथेच चाचणी घ्यावी. दुकानातल्या लहान, सामानाने भरलेल्या खोलीत जो आवाज आटोपशीर वाटतो तोच टिनाच्या छताखाली घुमू लागतो, आणि उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. झाडीपट्टीच्या नाटकाला गेलेल्यांना हे अनुभवाने ठाऊक असते : पुढच्या रांगेतल्या माणसाच्या मतावर शेवटच्या रांगेची सोय ठरवता येत नाही. म्हणून ऐकणाऱ्यांच्या खुर्च्या निदान दोन अंतरांवर ठेवाव्यात.

उन्हाळा टाळावा. मे महिन्यात विदर्भात कूलर बंद करून कोणी तासभर बसू शकत नाही, आणि कूलर चालू असेल तर त्याच्या घरघरीत टाळांची किणकिण आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक ध्वनी बुडून जातात. दिवाळीनंतरची सकाळ उत्तम, मात्र पिठाच्या गिरणीची वेळ चुकवावी. रब्बीच्या ओलितासाठी शेतांतल्या मोटारी सुरू असताना व्होल्टेज पडते आणि मशीनचा आवाज लवकर फाटू लागतो, तेव्हा प्रत्येक फेरीआधी बोर्डावरचे व्होल्टेज मोजून लिहावे. रात्री घेणार असाल तर १० च्या आत आटोपा. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ ध्वनिक्षेपकासाठी निषिद्ध आहे.

४. आवाजाची पातळी सारखी करा

सबंध लेखातली एकच पायरी पाळायची असेल तर ही पाळा. आम्ही दुकानात इथेच फसलो, आणि अनुभवी साऊंडवालेही इथेच फसतात.

दोन अगदी सारख्या वस्तूंपैकी एक किंचित मोठ्याने वाजली की ऐकणारा तिला ‘जास्त मोठी’ असे म्हणत नाही. तो तिला ‘जास्त भरदार’, ‘जास्त मोकळी’, ‘जास्त साफ’ असे म्हणतो. कारण कानाच्या घडणीत आहे. फ्लेचर आणि मन्सन (वर उल्लेखलेले तेच) यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की हळू आवाजात आपला कान खर्जाला तुलनेने बधिर असतो आणि पातळी वाढू लागली की ही बधिरता कमी होते. त्यामुळे नुसते बटण थोडे पुढे सरकवले तरी खर्ज भरल्यासारखा वाटतो, आणि आपण त्याचे श्रेय वस्तूच्या गुणवत्तेला देतो. एक डेसिबलचा फरक कोणी सांगितल्याशिवाय ‘मोठा आवाज’ म्हणून सहसा लक्षात येत नाही, पण पसंती फिरवायला तो पुरेसा असतो.

मशीन, वायर किंवा फाइल यांची तुलना असेल तर पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळली पाहिजे, आणि हे कानाने होत नाही. मोबाइलवरून १०० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यानचा एकच स्थिर सूर वाजवा, स्पीकर जोडलेला असतानाच त्याच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा आणि दोन्ही वेळचा आकडा सारखा करा. एका मशीनवर २.०० व्होल्ट आले तर दुसऱ्यावर १.९८ ते २.०२ यांच्या आत आले पाहिजेत. २.२४ आले तर फरक जवळजवळ एक डेसिबलचा झाला, म्हणजे चाचणी वाया गेली. बाजारातल्या सर्वांत स्वस्त मल्टिमीटरवर एसीसाठी बहुधा २०० आणि ७५० व्होल्ट असे दोनच पल्ले असतात, ते इथे निरुपयोगी आहेत. २० व्होल्टचा एसी पल्ला असलेला मीटर गावातल्या वायरमनकडे किंवा टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतो.

इथे एक धोक्याची सूचना. भोंग्यांसाठीच्या अनेक मशीनवर ‘१०० व्होल्ट’ असे लिहिलेली टर्मिनले असतात. गाणे चालू असताना त्यांवर खरोखरच तेवढा दाब येऊ शकतो. त्यांना हात लावू नये, आणि कोणतीही तार बदलण्यापूर्वी मशीन बंद करावे. दोन मशीनची आउटपुटे चुकूनही एकमेकांना जोडू नयेत.

स्पीकरांची तुलना असेल तर व्होल्ट सारखे करून उपयोग नाही, कारण तेवढ्याच व्होल्टला एक बॉक्स मोठा वाजतो आणि दुसरा लहान. मिक्सरच्या एका चॅनलवर एक बॉक्स आणि दुसऱ्यावर दुसरा असे जोडून ‘पिंक नॉइज’ ही पावसाच्या सरीसारखी सरसर वाजवावी, ऐकणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर तिवईत मोबाइल ठेवावा आणि अर्ध्या मिनिटाची सरासरी अर्ध्या डेसिबलच्या आत येईपर्यंत चॅनलची बटणे जुळवावीत. मोबाइलचा आकडा स्वतः अचूक नसतो, पण तोच मोबाइल त्याच जागी असला की तुलनेला चालतो. जुळले की बटणांवर चिकटपट्टी लावा. आमच्या दुसऱ्या चाचणीत एका मदतनीसाची बाही घासून बटण सरकले आणि सगळी दुपार पुन्हा करावी लागली.

५. पडदा आणि मांडणी

पडदा असा हवा की डोळ्यांना काही दिसू नये, पण आवाज अडू नये. सतरंजी, घोंगडी किंवा ताडपत्री लावली तर वरचे बारीक सूर तिथेच मरतात आणि दोन्ही बॉक्स सारखेच मंद वाटतात. पातळ सुती धोतर किंवा जुने विरलेले लुगडे उत्तम. पारख सोपी आहे : कापड तोंडाशी धरून फुंकर मारावी, ती सहज पलीकडे गेली तर आवाजही जाईल. दिवा ऐकणाऱ्यांच्या बाजूला असावा, पडद्यामागे अंधार असावा, नाहीतर बॉक्सची सावली दिसते.

दोन्ही बॉक्स एका जागी ठेवता येत नाहीत, आणि भिंतीजवळचा बॉक्स कोणताही असो, त्याचा खर्ज वाढतो. हार्मनच्या प्रयोगशाळेत यासाठी स्पीकर आपोआप एकाच जागी सरकवणारी यंत्रणा केलेली आहे. आपण एवढेच करावे की दोन्ही बॉक्स भिंतीपासून सारख्या अंतरावर ठेवावेत, सगळ्या फेऱ्या एकदा झाल्या की त्यांच्या जागा बदलाव्यात, पातळी पुन्हा मोजावी आणि सगळ्या फेऱ्या परत घ्याव्यात. जागा बदलताच निकाल उलटला तर आपण बॉक्स तपासला नाही, कोपरा तपासला असे समजावे. बॉक्स जोडीने न वाजवता एकेकच वाजवावा, कारण एकट्या बॉक्सचे दोष लवकर कानाला लागतात.

६. दोन टोळ्या करा

बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा होता. गणित विचारले की तो खूर आपटून उत्तर देई आणि ते बरोबर येई. ऑस्कर फुंग्स्ट यांनी तपास करून १९०७ मध्ये दाखवले की विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असेल तरच घोड्याचे उत्तर बरोबर येते; बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचे अंग नकळत सैलावत असे, आणि घोडा तेवढे पाहून थांबत असे. मालकाने लबाडी केलेली नव्हती. त्याला स्वतःलाही हे कळत नव्हते.

म्हणूनच ज्याला उत्तर माहीत आहे तो माणूस ऐकणाऱ्यांच्या नजरेस किंवा कानास पडता कामा नये. पडद्यामागे दोघे बसतील, ते अदलाबदल करतील आणि एक शब्दही बोलणार नाहीत. पडद्यापुढे एक सूत्रधार असेल. तो फेरीचा क्रमांक पुकारेल आणि चिठ्ठ्या गोळा करेल, पण पडद्यामागे काय चालले आहे ते त्यालाही ठाऊक नसेल. हे काम शाळेतल्या एखाद्या गुरुजींकडे द्यावे, ते न बोलता शिस्त राखतात.

स्विचची ‘खट’ ही मोठी फितूर आहे. बदल असतानाच खट वाजली तर ऐकणारा कानाऐवजी खटेवर उत्तर देतो. म्हणून प्रत्येक वेळी, वस्तू तीच राहणार असली तरी, स्विच एकदा तिकडे नेऊन परत आणावा, आणि प्रत्येक बदलाला सारखाच वेळ लावावा.

७. क्रम नाण्याने ठरवा

पडद्यामागच्या माणसाने मनाने क्रम ठरवू नये. मनाने ठरवलेला क्रम ‘एकदा हा, एकदा तो’ असाच होतो आणि चार फेऱ्यांत लोकांना तो उमगतो. आदल्या दिवशी सोळा वेळा नाणे उडवावे, छापा आला तर ए, काटा आला तर बी, आणि यादी पाकिटात बंद करावी. सलग पाच छापे आले तरी यादी बदलू नये. आमच्या मदतनीसाने ‘हे बरोबर दिसत नाही’ म्हणून मधला एक छापा काटा केला होता. ती यादी मी फाडून टाकली.

पसंतीच्या चाचणीत एक युक्ती अवश्य करावी : दोन-तीन फेऱ्यांत ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ म्हणून तोच बॉक्स दोनदा वाजवावा. त्यात ज्याला मोठा फरक ऐकू आला त्याच्या बाकीच्या मतांना किती वजन द्यायचे ते कळते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस १११६ या शिफारशीतही मूळ ध्वनी असाच लपवून पुन्हा ऐकवतात.

८. काय ऐकवावे

दुकानदाराची डेमो गाणी वापरू नका. ती प्रत्येक बॉक्सवर गोड लागावीत अशीच निवडलेली असतात. मंडळाचेच रेकॉर्डिंग करा, त्याच माइकवर, त्याच अंतरावरून. खंजिरी त्यात हवीच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे ती विदर्भाच्या घराघरांत पोचली आहे आणि स्पीकरची परीक्षा घ्यायला तिच्यासारखे वाद्य नाही : कातड्यावरची थाप खाली आणि चकत्यांची छनछन वर, दोन्ही एकाच क्षणी. साधारण बॉक्समध्ये छनछन पत्र्यासारखी वाजते किंवा थापेखाली दबते. सोबत एक बाईचा एकटा आवाज, थोडी पेटी आणि साधे बोलणे, उदाहरणार्थ ग्रामसभेची सूचना, एवढे घ्यावे.

प्रत्येक तुकडा दहा ते पंधरा सेकंदांचा असावा आणि बदल ताबडतोब व्हावा, कारण आवाजाच्या बारकाव्यांची आठवण काही सेकंदांतच पुसट होते. ‘मागच्या वर्षी मोझरीला ऐकलेला साऊंड यापेक्षा सरस होता’ असे कोणी म्हणाले तर ते प्रेमाने ऐकून घ्यावे, वहीत लिहू नये. वीस मिनिटांनी चहाची सुट्टी द्यावी. थकलेला कान पाहुण्यासारखा सगळ्याला ‘चांगले आहे’ म्हणतो.

सुबोधतेच्या चाचणीसाठी एकमेकांशी घोळ होणाऱ्या शब्दांच्या याद्या रेकॉर्ड कराव्यात : तार, दार, धार, कण, खण, गण, साल, शाल, फळ, बळ, मळ, पाट, ताट, काठ. शब्द उलटसुलट क्रमाने, मध्ये तीन सेकंद सोडून वाचावेत आणि ऐकणाऱ्यांनी ऐकू आले तसे लिहावेत. कमी चुका ज्या बॉक्सवर, तो बॉक्स भजनाला योग्य. यात मताचा प्रश्नच राहत नाही, म्हणून मला ही चाचणी सर्वांत प्रिय आहे. दोन सापळे मात्र आहेत. दोन्ही बॉक्ससाठी तीच यादी वापरली तर दुसऱ्या वेळी लोक आठवणीने लिहितात, म्हणून दोन याद्या कराव्यात आणि अर्ध्या लोकांना उलट जोडीने द्याव्यात. आणि रेकॉर्डिंगऐवजी कोणी प्रत्यक्ष वाचणार असेल तर तोही पडद्याआड हवा. मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवले की कानावर ‘बा’ पडत असताना डोळ्यांना ‘गा’ म्हणणारे ओठ दिसले तर बहुतेकांना ‘दा’ ऐकू येते.

९. मते गुप्त घ्या

ही गोष्ट आपल्या गावांत तंत्राहून अवघड आहे. बुवांनी मान हलवली की सगळ्यांच्या माना हलतात, सरपंच ‘वा’ म्हणाले की कोणी ‘नाही’ म्हणत नाही, आणि यात वाईट काही नाही, तो मान आहे. पण तो मान चाचणीत शिरला की दहा जणांची दहा मते न राहता एकाच माणसाचे मत दहा वेळा मोजले जाते. म्हणून फेरी संपेपर्यंत पूर्ण शांतता असावी, माणसे एकमेकांकडे पाठ करून बसावीत आणि मत चिठ्ठीवरच द्यावे.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही धान्य वापरले. प्रत्येकाला फेरीगणिक एक रिकामी आगपेटी द्यायची. पहिला आवडला तर गव्हाचा दाणा, दुसरा आवडला तर तुरीचा. आमच्या गावातल्या सत्तरीच्या काकूंनी या रीतीने सोळाही फेऱ्या पूर्ण केल्या.

वयस्कांना आणि वर्षानुवर्षे थ्रेशरजवळ काम केलेल्यांना वरचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून त्यांना फरकाच्या चाचणीतून वगळले तरी चालेल. सुबोधतेच्या चाचणीत मात्र त्यांना पहिली जागा द्यावी, कारण भजनाला बसणारे तेच आहेत.

१०. मोजणी

एबीएक्समध्ये डोळे मिटून अंदाज ठोकला तरी निम्मी उत्तरे बरोबर येतात. सोळापैकी बारा किंवा अधिक उत्तरे निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३.८ टक्के असते, म्हणून बारा ही किमान पायरी धरतात. अकराला ती १०.५ टक्के होते, ते पुरेसे नाही. दहाच फेऱ्या घेतल्या तर नऊ बरोबर हवेत. ही पायरी आधी लिहून ठेवावी आणि ठरलेल्या फेऱ्या पूर्ण कराव्यात. ‘आता बरोबर येऊ लागलंय, थांबू या’ असे केले की निकाल खोटा ठरतो.

आणखी एक फसवणूक अशी की दहा जणांनी प्रत्येकी पाच फेऱ्या दिल्या तर त्यांतल्या निदान एकाचे पाचही बरोबर येण्याची शक्यता, कोणालाच काही ऐकू येत नसले तरी, सुमारे २७ टक्के असते. मग गावभर त्याच्या कानाची कीर्ती होते. अशा माणसाला मानाने बोलवावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोळा फेऱ्या द्याव्यात.

मी स्वतः आमच्या जुन्या मशीनची आणि एका तिप्पट किमतीच्या मशीनची तुलना केली. उघडपणे ऐकताना मला फरक स्पष्ट जाणवत होता, तो मी इतरांना समजावूनही सांगत होतो. पातळी जुळवून पडदा लावल्यावर माझी सोळापैकी नऊ उत्तरे बरोबर आली. याचा अर्थ सर्व मशीन सारखी असतात असा नाही, त्या दोन मशीनमध्ये त्या पातळीला मला फरक ओळखता आला नाही एवढाच आहे. आवाज फाटेपर्यंत वाढवला असता तर निकाल वेगळा आला असता, आणि मैदानासाठी घ्यायचे असेल तर तसाही तपास करावा. मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण मेयर आणि मोरन यांचे आहे. २००७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज एकदा जसाच्या तसा आणि एकदा साध्या सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवला होता; ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे जवळजवळ नाणे उडवल्यासारखीच. जास्त आकाराच्या फाइलसाठी पैसे मागणाऱ्याला मी हा आकडा सांगतो. ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांनी ‘फूबार २०००’ या मोफत प्रोग्रॅमची एबीएक्स जोडणी घेऊन घरीच मूळ फाइल आणि १२८ केबीपीएसची, म्हणजे दाबून लहान केलेली, एमपीथ्री यांवर सराव करावा, सोळा फेऱ्या म्हणजे काय असते ते अंगवळणी पडते.

११. निकालानंतर

पाकीट सर्वांसमोर उघडा, आगपेट्या सर्वांसमोर उघडा आणि आकडे मोठ्याने वाचा. निकाल बरोबरीचा आला तर स्वस्त वस्तू घ्यावी आणि उरलेल्या पैशांतून माइकचे स्टँड घ्यावेत. आमच्या तिन्ही चाचण्यांत शब्द कळण्यात सर्वांत मोठी सुधारणा माइक गायकाच्या तोंडाजवळ आणल्यानेच झाली. कोणाचे उत्तर चुकले म्हणून त्याला गावात चिडवू नये, नाहीतर पुढच्या चाचणीला कोणी बसणार नाही.

वहीत तारीख, जागा, व्होल्टेज, जुळवलेली पातळी, नाण्याची यादी, प्रत्येकाची उत्तरे आणि वस्तूंचे अनुक्रमांक लिहून हजर असलेल्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत. चिठ्ठ्या वर्षभर जपाव्यात, वर्गणी देणारा कोणीही त्या मागू शकतो. खरेदी करताना दुकानदार ‘याच कंपनीचा नवा डबा’ देऊ करेल. तेव्हा वही उघडून अनुक्रमांक दाखवावा आणि ज्या बॉक्सवर चाचणी झाली तोच मागावा. तो विकला गेला असेल तर नवा बॉक्स समाजमंदिरात लावून शब्दांची यादी त्यावर एकदा वाजवावी, चुकांची संख्या जुन्या नोंदीशी ताडून पाहावी, आणि त्यानंतरच उरलेली रक्कम चुकती करावी.